आटवलेलं पाणी

पाणी उकळून निम्म्यावर आलं, तरी मैनाबाईंनी पातेलं उतरवलं नाही. नात पुन्हा निळी पडली होती. ओठ जांभळे, नखं जांभळी. तेवढ्यात सून दामिनीनं उन्नतीला उचललं आणि ती दवाखान्याकडे पळाली. मैनाबाईही मागोमाग निघाल्या.

दामिनीला दूध नव्हतं. डब्याचं दूध कालवायचं पाणी मैनाबाईंनी पहिल्यापासून स्वतःच्या हाती ठेवलं. तान्ह्या बाळाला आटवलेलंच पाणी, ही त्यांच्या भंडाऱ्याकडची रीत. दामिनीनं चरोद्याच्या माहेराहून फिल्टरच्या पाण्याची कॅन आणली, ती त्यांनी तुळशीला ओतली. इथल्या खुर्सीपार वस्तीतली अर्धी गल्ली त्यांच्या बोअरिंगचं गोड पाणी नेते आणि सुनेला माहेरचं पाणी हवं! संडासाचा खड्डा बोअरिंगला लागूनच होता, पण पाणी कसं नितळ.

मुलगा अंकुर सिमेंटचा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. त्याला त्या फोनवर सांगत, “माह्या मागं तुही बायको पोरीले कच्चंच पानी पाजते वाटते.” नुसता संशयच तो. पण सांगून सांगून त्यांना खराच वाटू लागला होता.

इंजेक्शननंतर उन्नतीच्या ओठांवर रंग आला. दुसऱ्या दिवशी घरच्या पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला. परक्या प्रांतातल्या त्या दवाखान्यात डॉक्टरीण मात्र मराठीच होती. तिनं दोघींना समोर बसवलं.

“पाण्यात नायट्रेट नावाचा क्षार आहे. खड्ड्यातलं झिरपत असणार. त्यानं तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू कमी होतो, बाळ निळं पडतं. आता आरओचं पाणी द्या, तेही तपासून.”

“मी तं रोज अर्धं होईपर्यंत आटवतो, बाई.”

“तिथंच चुकलं, आजी. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी उडतं, ते मागे राहतं. आटवाल तेवढं जास्त. त्यापेक्षा कच्चं पाणी कमी वाईट होतं.”

मैनाबाईंनी दुधाची बाटली हळूच पिशवीत सरकवली.

डॉक्टरीण आत गेली आणि अंकुर धावतच आला. निरोप मिळताच ट्रक जामुलच्या सिमेंट कारखान्यापाशीच टाकून आला होता. पाण्यानं झालं, एवढंच त्याला दारात कळलं होतं. तो थेट दामिनीवर गेला.

“पाजलं न शेवटी कच्चं पानी? माय सांगून सांगून थकली तुले.”

दामिनीनं सासूकडे पाहिलं. आता तरी त्या बोलतील, असं तिला वाटलं.

मैनाबाईंनी पदरानं डोळे पुसले. लेकाच्या पाठीवरून हात फिरवला.

“जाऊ दे, बापू,” त्या म्हणाल्या. “लहान हाये ते. माफ करून टाक तिले.”