रद्द न होणारी खोली

“एजंटला एक फोन केला असता, तर एव्हाना माझी दुपारची झोपसुद्धा झाली असती,” नवरा पुटपुटला. “रविवार गेला की सगळा!”

“एजंट काय फुकट नेतो?” सुनेनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

थीम पार्कच्या सहलीच्या पॅकेजचा एकेक टाका उसवून ती सगळं सुटं घेत होती. पार्कची तिकिटं थेट पार्ककडून, तीही आठवड्यातल्या अधल्यामधल्या वाराची. हॉटेल दारासमोरचं नाही, दोन स्टॉप अलीकडचं. बुफे वगळला, पाळण्यांत बसून पोटात गोळा आल्यावर खाणार कोण? दर खेपेला पैसे वाचले की ती ‘हं’ करायची, आणि खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसलेल्या सासूबाई तिकडून ‘हं’ करायच्या. घासाघीस ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

सासूबाई नातीचा सहलीचा फ्रॉक शिवत होत्या. मधेच त्यांनी पिटुकलीला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि गळ्यातली टेप लावली. रोलर कोस्टरला ठरावीक उंची लागत होती.

“दोन बोटं कमी. सुट्टीपर्यंत होशील गं.”

“आणि माझ्या शेजारी तूच बसायचंस.”

“बसेन की. कवळी तेवढी तुझ्या बाबाकडे देऊन.”

पिटुकली खिदळली. सुनेला हसू आलं नाही. सुट्टीला चार महिने होते. मंगळवारी सासूबाईंना बाहेर बसवून डॉक्टरांनी नवराबायकोला दोघांनाच आत बोलावलं होतं, आणि तेव्हापासून घरात ‘चार महिने’ हे शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं.

तिनं फ्रॉककडे पाहिलं. वाढत्या अंगाचा होता. एरवी सासूबाई खाली दोन बोटं दुमड ठेवायच्या. आज चांगली वीतभर होती.

आता खोली तेवढी उरली होती. तीच खोली, दोन भाव. एक स्वस्त, रद्द केली तर दमडी परत नाही. दुसरा बराच महाग. आदल्या दिवसापर्यंत रद्द करा, सगळे पैसे परत. तिनं महागातली निवडली. नवऱ्यानं ते पाहिलं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच काही बोलला नाही.

“खोली केवढ्याला पडली?” सासूबाईंनी विचारलं.

तिनं आकडा सांगितला. मशीन थांबलं.

“मघाशी तर कमी म्हणालीस.”

“ह्यात... नाश्ता आहे, आई.”

“आणि खिडकीतून मोठा पाळणा दिसतो,” नवऱ्यानं घाईघाईनं भर घातली.

“एजंटासारखा बोलू नकोस.”

पिटुकली तोवर लॅपटॉपपाशी पोचली होती. नुकतंच वाचता यायला लागलेलं. दिसेल ते वाचायची. “रद्द... केल्यास... पैसे परत,” तिनं बोट ठेवून वाचलं. “आपण कशाला रद्द करू?”

सून ओढणीच्या टोकानं स्क्रीन पुसायला लागली. स्वच्छच होता तो.

“पिटुकले, आतून बटणांचा डबा आण,” सासूबाई म्हणाल्या. ती आत गेली तसा त्यांनी चष्मा काढून मशीनवर ठेवला.

“मी तोवर नसेन, असंच म्हणाले ना डॉक्टर?”

नवरा जमिनीवरच्या चिंध्या गोळा करायला लागला.

“स्वस्तातली घे.”

“आई, अहो, पैशांचं काय एवढं—” सून म्हणायला लागली.

“घे म्हणते ना. पैसे परत मिळणार असले, तर मी गेल्यावर तू सगळं रद्द करशील आणि पोरीला घेऊन घरात बसशील. बुडणार असले, तर रडत का होईना, जाशील. तुला काय मी आज ओळखते?”

आतून बटणांचा डबा खुळखुळत येत होता.