बागेतलं जोडपं

आदिलाबादजवळ होणाऱ्या नव्या कॉलनीचं चित्र मी कॉम्प्युटरवर तयार करत होतो. घरं झाली, बाग झाली, पण बागेत फिरताना दाखवायला हैदराबादहून आणलेल्या फोटोंच्या सीडीत सगळी गोरीच माणसं होती. कॉलनीचा शेठ म्हणाला, "गोरे नको. आपलेच लोक लावा."

मी आई-बाबांचा फोटो लावला, कोणाचा ते शेठला सांगितलं नाही. शेठ खूश झाला. "या बुढा-बुढीनं कॉलनी कशी घरंदाज दिसून राह्यली."

रस्त्यावर त्या चित्राचा बोर्ड लागला, तसा बाबांनी तिथंच घर बांधायचा ध्यास घेतला. शाळेतून निवृत्त झालेला माणूस. इस्त्रीचा सदरा घालून, आईला सोबत घेऊन शेठच्या ऑफिसात गेले, सवयीनं सगळ्यांना जय भीम केला आणि भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे आमीच दोघं."

"सारे प्लॉट गेले, गुरुजी," शेठ म्हणाला.

संध्याकाळी त्याचा मला फोन आला. "अर्धे प्लॉट पडून हायेत, बोर्ड नवा करा लागते. बागेतले ते दोघं काढून टाका."

"मग कोणाला लावू?"



"गोरेच लावा."