चोचवलेली काकडी

शनिवार पेठेतल्या मंदाकिनीबाई घरीच खमंग काकडी करून विकायच्या. दारावर पाटी होती, ‘काकडी हाताने चोचवलेली असते. शंका असल्यास घेऊ नये.’ सुरीने उभ्या-आडव्या चिरा देत त्या काकडी अशी उतरवायच्या की एक तुकडा दुसऱ्याहून मोठा निघेल तर शपथ.

आणि तेच त्यांच्या मुळावर आलं. एकदा डबा उघडून त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक पेंडसेकाका म्हणाले, “बाई, इतकं एकसारखं माणसाच्या हातून होत नाही. मशीन वापरता, तर पाटी कशाला लावता?”

बाईंनी तिथेच एक काकडी चोचवून दाखवली. काका म्हणाले, “ही आमच्यासमोर केलीत. आतली कोण बघायला येतंय?”

पेठेत बोलणं पसरायला वेळ लागत नाही. गिऱ्हाइकं तुटू लागली, तसं बाईंचं डोकं फिरलं. नाव खराब झालंच आहे, तर मनगटं तरी कशाला दुखवून घ्यायची? त्यांनी फूड प्रोसेसर आणला आणि पाटी उतरवून कपाटामागे टाकली. मशीनने काही फोडी बोटाएवढ्या ठेवल्या, काहींचा चोथा केला. बाईंनी मान खाली घालून तीच काकडी डब्यात भरली.

पेंडसेकाकांनी डबा उघडला, चमच्याने खालीवर करून नीट पाहिलं आणि ते पहिल्यांदाच हसले.



“आता कशी हाताची वाटते. पाटी का काढलीत? लावा की परत.”