पुनवेची ओहोटी

मुलांनो, माझ्याबरोबर गुहागरच्या किनाऱ्यावर उभे राहा. २००४च्या डिसेंबरात दूर पूर्व किनाऱ्यावर आलेल्या त्सुनामीनंतरची पहिली पौर्णिमा आहे. दापोलीला शिकणारी ताई घरी आलीय. महिनाभर टीव्हीवर बुडालेली गावं आणि मोबाइलवर 'पुनवेला समुद्र येणार' असे मेसेज बघून तिची झोप उडालीय. लाटेआधी पाणी मागे जातं, हेही तिने तिथेच ऐकलंय. आज ते खरंच दूर गेलंय, आणि उघड्या खडकांवर आई शिंपल्यांतली कालवं काढतेय. "आये, पळ!" ताई ओरडते. आठ वर्षांची धाकटी बहीण हसते. "गो ताई, पुनवेला पाणी लांबच जातं, विसरलीस? म्हणून तर कालवं गावतात." ताई श्वास रोखून बघते: समुद्राचा अख्खा तळ आभाळाखाली चमकतोय, खळग्यांत फुलांसारखे जीव उमलतायत. तरी तिचे हात गारच. धाकटी पाण्यापासून चार पावलांवर सुरूच्या झाडाची काटकी रोवते, "बघ, हळूहळूच येतं," म्हणते आणि पाणी तिथवर येईपर्यंत ताईचा हात धरून बसते.