पिंजऱ्याचा रकाना

"वजन एकसष्ट? हा उंदीर आहे की घूस?"

संशोधक महाशयांनी नोंदीचा कागद मदतनीस बाईंच्या नाकासमोर नाचवला. त्यांच्यामागे एकशे वीस पिंजरे ओळीने मांडलेले होते. प्रत्येकात एक उंदराची मादी, जन्माआधीच एक जनुक बदललेली. तिला ठरलेलं रसायन टोचायचं आणि गर्भाशयाचा कर्करोग किती दिवसांत होतो ते बघायचं, असं ते काम होतं. पिंजऱ्यात पांढरा कागद अंथरलेला असे. त्यावर रक्ताचा डाग दिसला की त्याच दिवशी तपासणी, हा महाशयांचा नियम. तो त्यांनी भिंतीवर चिकटवला होता आणि चार परिषदांमध्ये सांगून टाळ्याही घेतल्या होत्या. "नोंद नाही, तर डाग नाही," हे त्यांचं दुसरं वचन. ते घरीसुद्धा चाले.

घरी एकदा चहा देताना बायको म्हणाली होती, "पाळी बंद होऊन चार वर्षं झाली, आणि आता परत डाग दिसतोय हो." महाशय तेव्हा परिषदेचं भाषण घासूनपुसून लख्ख करत होते. "वयाचं असतं ते," मान वर न करताच ते म्हणाले. पंधरा दिवसांनी ती पुन्हा बोलली. तेव्हा ते खेकसले, "सारखं तोंडी काय सांगतेस? लिहून ठेव!" जगातल्या समस्त बायकांना वाचवायला निघालेल्या माणसाला घरातल्या एकीसाठी सवड कुठली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिने तिसऱ्यांदा काही सांगितलं नाही.

नोंदींची फाइल दर शनिवारी महाशयांबरोबर घरी जाई आणि सोमवारी लाल शाईने रंगून परत येई. आज सोमवार होता.

"वय चोपन्न आठवडे! एवढी म्हातारी कोणी घेतली प्रयोगात? आणि कानाची खूण बघा. दोन्ही कानांना एकेक भोक. असं पाडतो आपण?"

"नाही सर. आपण फक्त उजव्या कानाला पाडतो."

"तेच म्हणतोय मी! रसायनाचा रकाना कोरा. वजन एकसष्टवरून छप्पन्नवर आलंय. डाग आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, आता रोज. तीन महिने, बाई, तीन महिने! माझ्या नाकाखाली! आणि तपासणी एकदाही नाही."

अक्षर कोणाचं आहे, हे काही महाशयांनी पाहिलं नव्हतं. ते अक्षर बघत नसत, चुका बघत. कागदाच्या तळाशी त्यांनी लाल शाईत ठणकावून लिहिलं होतं, 'अक्षम्य हलगर्जीपणा. पहिल्याच डागाला तपासणी व्हायला हवी होती. जबाबदार व्यक्तीने सही करावी.'

"वाचा," ते म्हणाले, "आणि करा सही."

बाईंनी कागद घेतला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली. पहिला रकाना महाशय कधीच वाचत नसत. पिंजरे ओळखणं हे त्यांच्या मते खालच्या लोकांचं काम होतं. बाई मात्र तिथेच थांबल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि पेन महाशयांपुढे धरलं.

"सर, सही तुम्हालाच करावी लागेल. पिंजऱ्याच्या रकान्यात तुमच्या घराचा पत्ता आहे."