थेट आठवा मजला

बिश्केकच्या त्या नऊमजली इमारतीतली लिफ्ट कित्येक वर्षं बंद होती. आठव्या मजल्यावर एका बड्या साहेबाची सासू राहायला आली आणि लिफ्ट आठवड्याभरात धावू लागली. पाचव्या मजल्यावरच्या बुरूल आपा बटाट्यांची पिशवी घेऊन हरखून आत शिरल्या, तर लिफ्ट थेट आठव्यावरच थांबली.

तिथं हत्यारं आवरत असलेला मेकॅनिक म्हणाला, "साहेबांचा हुकूम आहे, आपा. सासूबाईंचा खोळंबा नको, मध्ये कुठेच थांबवायची नाही."

आपांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडायलाच त्यांनी सासूबाईंची बेल दाबली.


म्हातारीनं दार उघडून त्यांचा हातच धरला. "या, चहा टाकते! जावयानं लिफ्ट सुरू करून दिली खरी, पण तिच्यातून मला भेटायला आलेल्या तुम्हीच पहिल्या!"