टोपलीतले कोल्हे

मुलांनो, एक टेबल डोळ्यांसमोर आणा. त्यावर कोऱ्या कागदांची चळत, पाच-सहा पेन्सिली आणि गार झालेला चहा. टेबलाशी एक मावशी बसली आहे आणि ती मुद्दाम वाईट चित्र काढायचा प्रयत्न करते आहे. ते काही तिला जमत नाही.

ही मावशी चित्रकलेतलं वरचं शिक्षण घेत होती. लहान मुलांसाठी तिने एका कोल्ह्याचं पुस्तक काढलं होतं, आणि तो कोल्हा तिच्या हातून कसा घडत गेला यावर तिला प्रबंध लिहायचा होता. शुक्रवारी तिच्या बाईंनी तिसरं प्रकरण परत केलं. समासात लाल शाईने लिहिलं होतं, 'हा शेवटचा कोल्हा झाला. आधीचे कुठे आहेत? सोमवारी कच्ची चित्रं आणा. त्याशिवाय प्रबंध यंदा घेता येणार नाही.'

आधीचे कुठे असणार? रेघ चुकली की कागद चुरगळून टोपलीत, हा मावशीचा खाक्या. चुकलेलं तिला डोळ्यांसमोर नको असे. दीड वर्षातले सगळे कोल्हे त्याच वाटेने गेले होते.

म्हणून रविवारी सकाळपासून ती नवे 'जुने' कोल्हे काढत बसली होती. पण हाताला आता तो कोल्हा पाठ झाला होता. पाय वाकडे काढले तरी ऐट तीच. डाव्या हाताने काढून पाहिला, तर तोही मेला हुशारच दिसायला लागला. कागद जुना वाटावा म्हणून तिने त्यावर चहा शिंपडला.

जाता जाता तिची ताई दारात थबकली. "नाचता येतंय, तरी अंगण वाकडं करत बसली आहेस," ती म्हणाली. मावशीला हसू आलं नाही.

ताईची सात वर्षांची मुलगी तिथेच फरशीवर बसली होती. खाली पडलेलं काहीही उचलून नेते, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणत. टेबलावरच्या कागदांना हात लावायची तिला बंदी होती. टोपलीतले हवे तेवढे ने, असं मावशीनेच कधीतरी वैतागून सांगितलं होतं आणि सांगून ती विसरूनही गेली होती.

तो डाग चुकून पडला का, असं मुंगीने विचारलं. मावशी म्हणाली, नाही, मुद्दाम पाडला.

"म्हणजे खोटा डाग?"

मावशीने पेन्सिल आपटली. टोक तुटून कपात पडलं.

"मुंगे, मला चुकलेले कोल्हे हवेत. खरोखर चुकलेले. मला नाही ते काढता येत आता." मग जरा खालच्या आवाजात ती म्हणाली, "जा बाई, आत जाऊन खेळ."

मुंगी आतल्या खोलीत गेली. तिथे कपाटाच्या दारावर तिची स्वतःची चित्रं होती. आगगाडी, दात घासणारी आई, हिरवा हत्ती आणि खाली आणखी कितीतरी. प्रत्येकाचे चारही कोपरे डिंकाने घट्ट चिकटवलेले. कागद सगळे मावशीच्या टोपलीतले, सुरकुत्या तळहाताने दाबून सपाट केलेले, कोऱ्या बाजूवर रंगवलेले. कशाच्या मागे कुठला कोल्हा आहे, हे ती न बघता सांगू शकली असती. आगगाडीमागे तीन पायांचा. आईमागे रडका, मांजरासारखा. हत्तीमागे एकच डोळा काढून सोडून दिलेला.

हत्ती तिचा सगळ्यांत लाडका. त्याला रंगवताना दोन स्केचपेनं संपली होती.

तिने एका कोपऱ्यात नख घालून पाहिलं. कागद करकरला, तशी ती थांबली. डिंक ओला केला की सुटतो, हे तिला ठाऊक होतं. ओलं लागलं की स्केचपेनचा रंग पसरतो आणि पेन्सिलीची रेघ मात्र तशीच राहते, हेही ठाऊक होतं.

बाहेरून कागद चुरगळल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

मुंगी स्वयंपाकघरात गेली, फडकं भिजवून घेऊन आली, कपाटापाशी स्टूल ओढलं, आणि सुरुवात हिरव्या हत्तीपासून केली.